‘व्हयनी’ आणि नानांची मिशी

माझ्या पोटातल्या पोराच्या नावावर दोन म्हाताऱ्यांनी पैज लावली, आणि तीही मी डोहाळजेवणाला झोपाळ्यावर फुलांचा मुकुट घालून बसलेली असताना. उठून भांडायला जावं तर ओटीत नारळ, मांडीवर तांदूळ आणि दोन्ही बाजूंनी बायका गाणी म्हणतायत. असा संताप झाला होता माझा की विचारू नका. आता माझ्याच केसांना मेंदी लावायची वेळ आली, आठवलं की हसू येतं. पण राग पुरता गेलेला नाही, हेही सांगून ठेवते.

दोन म्हातारे म्हणजे एक माझे वडील आणि एक माझे सासरे. वडील धुळ्याचे, हायस्कुलात मराठी शिकवून रिटायर झालेले. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. सासरे जळगावचे, बस स्टँडवर कंट्रोलर होते, त्यांना सगळे नाना म्हणत. जन्मभर भोंग्यातून ‘चाळीसगाव, चाळीसगाव, चाळीसगावला जाणारी गाडी लागलेली आहे’ असं ओरडून नानांचा आवाज खणखणीत राहिला आणि कान गेले. तिसरी गोष्ट म्हणजे त्यांची मिशी. जाड, दोन्ही टोकं वर वळलेली. तिला रोज सकाळी तूप लागायचं. घरात तूप कमी पडलं तर पोळी कोरडी वाढली जायची, मिशी कोरडी राहायची नाही. सासूबाई म्हणायच्या, “मी या घरात दुसरी. पहिली ती, नाकाखाली बसलेली.”

नानांना पैजांचा नाद होता. पैशाची पैज मात्र नाही. पैशाची म्हणजे जुगार, आणि जुगारी माणसाला ते ओट्यावर बसू द्यायचे नाहीत. त्यांची पैज भरताच्या जेवणाची, शेवभाजीची, केळ्याच्या घडाची, आठवडाभर दुसऱ्याच्या अंगणात पाणी मारायची. कुस्ती, कबड्डी, क्रिकेट, काहीही चालायचं. समोरच्या गल्लीतली दोन कोंबड्या एका दाण्याकडे धावल्या तरी नाना एका कोंबडीच्या बाजूने उभे.

लग्न होऊन आले त्या पहिल्याच महिन्यात त्यांनी मला साखळीची पैज समजावून सांगितली. मी काही विचारलं नव्हतं. मी केळी कापायला घेतली होती. त्यांनी माझ्या हातातली सुरी बाजूला ठेवली आणि ताटात तीन केळी ओळीने मांडली.

“हाई पहिली पैज, हाई दुसरी, हाई तिसरी,” नाना म्हणाले. “साधा माणूस काय करस? तिन्ही एकदम लावस. तिन्ही हरना तं तीनदा मरना. आपण कड्या जोडसूत. पहिली जिकनी तंच दुसरी लागू. दुसरी जिकनी तंच तिसरी.”

“आणि पहिली हरलो तर?”

“तं सुटना!” त्यांनी पहिलं केळं सोलून तोंडात टाकलं. “पहिलं केळं सडकं निंघनं, बाकी दोन सोलनाच नही. एकदाच हरानं, घर जाईसन झोपानं.”

एवढं सांगून त्यांनी उरलेली दोन्ही केळी सोलली आणि खाल्ली. माझ्या शिकरणीची वाट लागली. पण डोकं चालवलं होतं माणसाने, हे मानायलाच हवं. मोठी वस्तू पणाला लावायची, पण ती शेवटच्या कडीत लपवून. तिथपर्यंत जायचं तर आधीच्या कड्या जिंकतच जायला हवं.

त्यांचा आणखी एक नियम होता, तो ते पोथी वाचल्यासारखा सांगायचे. जे आपलं नाही ते पैजेला लावायचं नाही. एकदा ओट्यावर एकाने मेव्हण्याचा रेडिओ लावला. नाना ताडकन उठले. “मेव्हण्याना रेडिओ तुना बापना शे का? ऊठ आठेतून!” तो बिचारा चहाही न संपवता गेला. नाना नंतर कितीतरी वेळ धुसफुसत होते.

तर डोहाळजेवण. सातवा महिना लागला होता. आबा मला बाळंतपणाला धुळ्याला न्यायला आले होते. मोठ्या हौसेने मला हिरवं नेसवून झोपाळ्यावर बसवलं होतं. खिडकीच्या पलीकडे ओट्यावर हे दोघे व्याही पान लावत बसले होते. त्याच दिवशी दुपारी नशिराबादकडच्या एका जत्रेत कुस्त्या होत्या. शेवटची कुस्ती जळगावच्या आणि धुळ्याच्या पहेलवानांची. मग काय, तेल आणि आग शेजारी ठेवल्यावर दुसरं काय होणार?

बायकांची गाणी चालू होती. मधे मधे नानांचा आवाज येत होता. बहिरा माणूस हळू बोलूच शकत नाही, त्यामुळे मला शब्दन् शब्द ऐकू आला.

पहिली कडी, कुस्ती. नाना जळगावच्या पहेलवानाकडून, आबा धुळ्याच्या. जो हरेल त्याने दुसऱ्याच्या घरच्या सगळ्यांना भरीत-पुरी घालायची.

दुसरी कडी, उद्या रविवारी टीव्हीवरची क्रिकेटची मॅच. नाना म्हणाले आपण जिंकणार, आबा म्हणाले आपण हरणार. आबांचं देशावर प्रेम होतं, फलंदाजांवर नव्हतं. नाना हरले तर मिशी काढायची, आबा हरले तर तपकीर कायमची सोडायची.

इथपर्यंत मी गालात हसत होते. मग नाना म्हणाले, “तिसरी कडी, सूनबाईनं बाळ. पोरगा व्हयना तं नाव मी ठेवसू. पोरगी व्हयनी तं तुम्ही ठेवा, याही.” याही म्हणजे व्याही.

“मंजूर,” आबा म्हणाले. माझे सख्खे वडील!

“ध्यानमा ठेवा, मागली व्हयनी तंच पुढली लागू.”

“मंजूर, मंजूर.” आणि दोघांनी टाळी दिली. ती टाळी माझ्या कानफटात बसल्यासारखी मला ऐकू आली. शेजारची काकू म्हणाली, “अगं, हस ना जरा, बाळ रडकं होईल!” मी दात दाखवले.

का चिडले होते ते सांगते. मी नाव ठरवलं होतं. मुलगा झाला तरी चालेल, मुलगी झाली तरी चालेल असं, छोटंसं, तोंडात साखर विरघळावी तसं. रोज रात्री पोटावर हात ठेवून मी त्या नावाने बाळाला हाक मारायची. बाळ लाथही मारायचं त्या हाकेला. आणि नानांना ठेवायचं होतं त्यांच्या वडिलांचं नाव. ते मी इथे लिहीत नाही, पण उच्चारलं की लोखंडी खाट फरशीवरून सरकवल्यासारखा आवाज येतो. आबांच्या मनात एक संस्कृत नाव होतं. त्यात तीन जोडाक्षरं. ते नाव घेऊन मुलीला जेवायला बोलवायचं म्हणजे वरण निवून जाणार.

नवऱ्याला आत बोलावून म्हटलं, “अहो, जाऊन सांगा त्यांना.” तो म्हणाला, “अगं, साखळी आहे. पहिल्या कडीलाच तुटेल. कशाला डोक्याला ताप?” हा माणूस आजवर कधी कोणाच्या बाजूने उभा राहिला नाही. दोन्हीकडे मान डोलावतो. बाहुल्यांना असते ना, तशी मान.

संध्याकाळी दोघे जत्रेतून परतले ते भांडतच. कुस्ती बरोबरीत सुटली होती. दोन्ही पहेलवान माती खात, एकमेकांच्या मानेत हात अडकवून पडून राहिले. कोणी चीत होईना. शेवटी पंचांनी त्यांना सोडवलं, दोघांनाही फेटे बांधले आणि नारळ दिले.

ना हार ना जीत. मग पुढची कडी लागू झाली की नाही?

त्या वेळी नाना निवांत होते. पण दुसऱ्या दिवशी आपली टीम टीव्हीवर अशी काही हरली की सासूबाईंनी सेटवर चादर टाकली. आबांनी चिमूटभर तपकीर ओढली, शिंकले आणि म्हणाले, “व्याहीबुवा, वस्तरा मागवू का?”

“कसाना वस्तरा?” नाना उसळले. “कुस्ती मी जिकनू का? नही ना? मंग साखळी तठेच तुटनी.”

“तुम्ही काय म्हणाला होतात? मागली व्हयनी तंच पुढली लागू. कुस्ती व्हयनी की नाही? झाली की नाही? साऱ्या जत्रेने पाहिली.”

“व्हयनी म्हणजे जिकनी!”

“व्हयनी म्हणजे झाली! होणे या धातूचं भूतकाळी रूप. जिंकणे हा धातू वेगळा. मी तीस वर्षं...”

“तुमना धातू ठेवा तुमना घर!”

झालं. त्या एका शब्दावरून दोन जिल्ह्यांत युद्ध पेटलं. घरात कुकरची शिट्टी झाली तरी आबा विचारायचे, “व्हयनी का?” आणि नाना मोरीतून ओरडायचे, “जिकनी नही!”

आता नीट ऐका, इथेच खरी गंमत आहे. नानांचा अर्थ धरला तर साखळी कुस्तीलाच तुटली. मिशी वाचली, पण नावाची पैजही रद्द. आबांचा अर्थ धरला तर कुस्ती झाली म्हणून मॅच लागू, मॅच झाली म्हणून नावाची पैजही लागू. पण मग मिशी जाते. म्हणजे नानांना मिशी हवी तर नातवाचं नाव सोडायचं, आणि नाव हवं तर मिशी द्यायची. दोन्ही हातांत लाडू असलेल्या माणसाचं नाक खाजावं, तशी गत झाली त्यांची.

आणि मला काय हवं होतं? मला साखळी तुटायला हवी होती. व्हयनी म्हणजे जिकनी, हेच खरं ठरायला हवं होतं. म्हणजे नानांना नावापेक्षा मिशी प्यारी वाटायला हवी.

मग मी कंबर कसली. निघायच्या दिवशी स्वतःच्या हाताने तूप कोमट करून दिलं. धुळ्याला गेल्यावर नाना दर गुरुवारी मला बघायला यायचे, एसटीने, पिशवीत केळी घेऊन. ते दारात आले की मी म्हणायची, “नाना, आज काय रुबाब दिसतोय! आमच्या गल्लीत विचारतात हो, ते फौजदार कोण येतात म्हणून.” नाना टोकं पिळायचे. एकदा तर मी म्हटलं की तुमची मिशी बघितली की बाळ पोटात उड्या मारतं. आई तोंडाला पदर लावून आत पळाली. माझं मलाच कसंतरी झालं, पण इलाज नव्हता.

पण नाना काही कच्चे नव्हते. ते म्हणाले, “आते काही ठरावानं नही. बाळ येऊ दे. मंग मी सांगसू, व्हयनी म्हणजे काय.”

लबाडी समजली ना? मुलगा झाला तर म्हणणार ‘व्हयनी म्हणजे झाली’, मिशी देणार आणि नाव घेणार. मुलगी झाली तर म्हणणार ‘व्हयनी म्हणजे जिकनी’, साखळी तुटली, मिशी शाबूत. आबांनाही हे कळलं. ते कपाळाला हात लावून म्हणाले, “हा माणूस शाळेत असता तर मी त्याला बाकावर उभा केला असता.”

मला मुलगी झाली. भल्या सकाळी, धुळ्याच्या दवाखान्यात. काळीसावळी, डोक्यावर हे एवढं जावळ, आणि रडणं असं की पलीकडच्या वॉर्डातले पेशंट उठून बसले. मी थकून गेले होते, पण मनात म्हटलं, सुटले बाई! मुलगी म्हणजे नाना मिशी वाचवणार, साखळी तुटणार, नाव माझं.

आबा टेलिफोन करायला गेले. त्या काळी नानांच्या घरी फोन नव्हता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात होता. ट्रंक कॉल लागायचा म्हणजे नशीब लागायचं. दुकानदाराने नानांना बोलावून आणलं. माझा नवराही मागोमाग गेला, त्याच्याच तोंडून मला पुढचं कळलं.

आमच्याकडच्या बोलीत मुलाला म्हणतात आंडोर आणि मुलीला आंडेर. एका कान्याचा फरक. आबा घरात एरवी शुद्ध बोलायचे, पण त्या दिवशी आनंद एवढा झाला होता की अंगातले मास्तर गळून पडले. ते ओरडले, “याही! आंडेर व्हयनी! आंडेर! व्हयनी, व्हयनी!”

लाइनवर खरखर, आणि ते नानांचे कान. नानांनी ऐकलं, आंडोर. पुढे ऐकलं, ‘व्हयनी, व्हयनी’. त्यांना वाटलं, व्याही पैजेचंच बोलतायत. मुलगा झाला, आणि आता तरी कबूल करा की व्हयनी म्हणजे झाली!

नवरा सांगतो, नानांनी रिसीव्हर दुकानदाराच्या हातात दिला, छाती पुढे काढली आणि म्हणाले, “व्हयनी! भाऊ, माले कबूल शे!” आणि तिथून थेट समोरच्या सलूनमध्ये शिरले. न्हाव्याने दोनदा विचारलं. नानांनी डोळे मिटले आणि म्हणाले, “कर.” माझा नवरा तिथे उभा होता. तो काय करत होता? मान डोलावत होता.

दुपारी दवाखान्याच्या दारातून एक अनोळखी म्हातारा आत शिरला. हातात पेढ्यांचा पुडा, वरचा ओठ सोलल्या बटाट्यासारखा पांढरा. सरळ माझ्या खाटेकडे आला आणि पाळण्यात वाकला. मी किंचाळले, “ओ काका! कोण तुम्ही? हात नका लावू!”

“व माय, मी नाना!”

आवाज ओळखला. चेहरा काही ओळखू येईना. मग माझ्या लक्षात आलं आणि मला असं हसू फुटलं की आयाबाई धावत आली, टाके तुटतील म्हणून. नानांना त्याचं काही नव्हतं. ते बाळाच्या कानाशी तोंड नेऊन ते खाट सरकवल्यासारखं नाव घेणार, एवढ्यात आबा आत आले.

“थांबा, थांबा! आंडेर आहे ती, व्याही!”

“आंडोर?”

“आंडेर! डो नाही, डे! काना नाही, नुसती मात्रा!”

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ते हळूच स्टुलावर बसले. पेढ्यांचा पुडा मांडीवर. मुलाचे पेढे, मुलीची बर्फी, एवढं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आबांना मात्र चेव आला. “क्रियापद तरी ऐकायचं! आंडोर असता तर व्हयना म्हटलं असतं की मी! आणि हे बघा, तुम्ही मिशी काढली. म्हणजे कबूल केलं. व्हयनी म्हणजे झाली. म्हणजे तिसरी कडी लागू. पोरगी झाली, नाव मी ठेवणार!” आणि त्यांनी ते तीन जोडाक्षरांचं नाव घ्यायला श्वास भरला.

तिथे माझा बांध फुटला. “आबा, एक अक्षर बोलू नका! नाना, तुमचा नियम काय? जे आपलं नाही ते?”

नाना ओठावरून बोट फिरवत होते, मिशी शोधत. पुटपुटले, “...लावानं नही.”

“मिशी तुमची होती, लावलीत. तपकीर आबांची होती, लावली. हिचं नाव कोणाच्या बापाचं होतं? नऊ महिने मी वाहिली हिला. मेव्हण्याच्या रेडिओला हाकलून देता, आणि माझं बाळ खुशाल तिसऱ्या कडीला अडकवता? लाज नाही वाटली दोघांना?”

आबा तपकिरीची डबी उघडझाप करत खिडकीपाशी गेले. नाना म्हणाले, “खरं शे पोरी. मना नियम मीच मोडा.” एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण माझी जीभ! मी विचारलं, “आणि नाना, टेलिफोनवर आंडेर नीट ऐकू आलं असतं, तर मिशी ठेवली असती ना तुम्ही?”

नाना उठले. पेढ्यांचा पुडा माझ्या उशाशी ठेवला आणि निघून गेले. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची कीव आली आणि रागही आला. बाळ मात्र शांत झोपलं होतं.

बारशापर्यंत त्यांच्या ओठावर पांढरे-काळे खुंट उगवले होते. सासूबाई म्हणाल्या, “येतेय हो परत माझी सवत.” धुळ्याला आमच्या घरी पाळणा बांधला, घुगऱ्या शिजल्या, बायका जमल्या. माझ्या नणंदेला, म्हणजे बाळाच्या आत्याला, मी ठरवलेलं नाव कानात सांगून ठेवलं होतं. पाळणा हलवायची वेळ झाली आणि नाना गायब. आबा म्हणाले, रुसले, बस स्टँडवर बसले असतील. नवरा म्हणाला, शोधायला जाऊ का? आणि तिथेच उभा राहिला.

तेवढ्यात नाना दारात आले. अंगाला तुरटीचा वास, ओठ पुन्हा पांढराफटक, एका बाजूला थोडं कापलेलं. हातात बर्फीचा पुडा.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “आता आणखी कोणती पैज हरलात?”

नाना पाळण्यापाशी आले. बाळाने त्यांचं बोट धरलं. “ती आंडोरसाठे गयती,” ते मला म्हणाले. त्यांच्या मते ते हळूच बोलले, पण सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. “हाई आंडेरसाठे.”

मी विचारलं, “नाना, पण पैज कुठली? तुम्ही काय हरलात?”

“पैज नही व माय,” नाना म्हणाले. “तशीच काढी.”